बंदुकीची जन्मपत्रिका

विद्यार्थिमित्रांनो, एखादे रुपयाचे नाणे हाती घ्या आणि त्यावर छापलेल्या सालाच्या खाली बारकाईने पाहा. तेथे पत्त्यांतील चौकटीसारखा लहानसा आकार दिसला, तर ते नाणे मुंबईच्या टांकसाळीत पाडलेले आहे असे समजावे. पाच टोकांची चांदणी दिसली तर ते हैदराबादचे, बारीक गोल ठिपका दिसला तर नोएडाचे. आणि कोणतीच खूण नसेल तर ते कोलकात्याचे! म्हणजे खूण नसणे हीसुद्धा एक खूणच झाली. इतके दिवस हे नाणे तुमच्या हातून गेले, पण ते आपले जन्मगाव सांगत आहे हे कदाचित तुमच्या लक्षात आले नसेल.

कारखान्यात तयार होणाऱ्या बहुतेक टिकाऊ वस्तूंचे असेच असते. शिवणयंत्र, सायकल, घड्याळ, विजेचा पंखा या साऱ्यांवर कोठेतरी एक नाव, काही अक्षरे आणि एक क्रमांक असतो. सायकल चोरीला गेली तर पोलीस प्रथम तिचा क्रमांक विचारतात, तो याचसाठी. परंतु या खुणा वाचण्याचे शास्त्र सर्वांत अधिक बारकाईने वाढले ते बंदुकांच्या बाबतीत. कारण उघड आहे. सायकलीचा क्रमांक चुकीचा वाचला तर एकाची सायकल दुसऱ्याला मिळेल, एवढेच. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या बंदुकीचा क्रमांक चुकीचा वाचला, तर निरपराध माणसावर खुनाचा आळ येऊ शकेल आणि खरा गुन्हेगार मोकळा राहील.

म्हणून आज आपण बंदुकीची ही जन्मपत्रिका कशी मांडतात ते पाहू या.

पाच प्रकारच्या खुणा

एखाद्या रायफलीवर किंवा पिस्तुलावर वीस-पंचवीस बारीक ठसे असू शकतात. प्रथम पाहणाऱ्याला तो नुसता गोंधळ वाटतो. परंतु त्यांची पाच गटांत विभागणी केली की गोंधळ कमी होतो.

पहिला गट बनविणाऱ्याच्या नावाचा. कधी पूर्ण नाव असते, कधी आद्याक्षरे, तर कधी केवळ चित्र. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स या कंपनीचे बोधचिन्ह म्हणजे एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली. याच कंपनीची आद्याक्षरे बी. एस. ए. आपल्याला सायकलींमुळे परिचयाची आहेत. बंदुका करणारा कारखाना पुढे सायकलीही करू लागला, कारण अचूक मापाचे पोलादी भाग तयार करण्याची यंत्रे आणि कसब त्याच्यापाशी होतेच.

दुसरा गट नमुना आणि माप यांचा. बंदूक कोणत्या नमुन्याची आहे आणि तिच्यात कोणते काडतूस बसते, हे त्यावरून कळते. माप कधी मिलिमीटरमध्ये, तर कधी इंचाच्या दशांश अपूर्णांकात असते. जुन्या सैनिकी रायफलीवर .३०३ असा आकडा आढळतो. हा इंचाचा भाग आहे; २५.४ ने गुणले की सुमारे ७.७ मिलिमीटर येतात.

तिसरा गट कसोटीच्या शिक्क्यांचा. त्याविषयी पुढे सविस्तर सांगतो.

चौथा गट मालकीच्या आणि तपासणीच्या खुणांचा. सरकारने रायफल स्वीकारली म्हणजे तपासनीस आपला लहानसा ठसा मारतो. सैन्यात ती कोणत्या पलटणीकडे गेली, याचीही खूण कधीकधी दस्त्यावर असते. परदेशातून माल आणणारा व्यापारीही आपले नाव उमटवितो.

पाचवा आणि सर्वांत महत्त्वाचा गट अनुक्रमांकाचा. पहिल्या चारही प्रकारच्या खुणा हजारो बंदुकांवर सारख्याच असतात. अनुक्रमांक मात्र त्या कारखान्यातील त्या नमुन्याच्या एका बंदुकीपुरता असतो. पहिल्या चार खुणा आडनाव, गाव आणि पेठ सांगतात असे म्हटले, तर अनुक्रमांक हा घराचा नंबर आहे. आणि नुसत्या घराच्या नंबरावर पत्र पोचत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवा. तिची आपल्याला पुढे गरज पडणार आहे.

सोन्याला कस, बंदुकीला कसोटी

बंदुकीची दारू पेटली म्हणजे क्षणार्धात तिचा वायू होतो आणि नळीच्या आत प्रचंड दाब निर्माण होतो. नळीच्या पोलादात एखादी बारीक चीर किंवा पोकळी राहिली असेल, तर नळी फुटते आणि इजा समोरच्याला होण्याऐवजी बंदूक धरणाऱ्यालाच होते. पूर्वी असे अपघात फार होत. म्हणून प्रत्येक नळी विकण्यापूर्वी मुद्दाम अधिक जोराच्या काडतुसाने उडवून पाहण्याची पद्धत पडली. या वेळी बंदूक माणसाच्या हातात नसते. ती भक्कम चौकटीत आवळून दुरून उडवितात. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे रायफलीच्या बाबतीत हा दाब नेहमीच्या कमाल दाबापेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक असतो. नळी टिकली तर तिच्यावर शिक्का बसतो.

लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली राजाची सनद मिळाली. बेल्जियममधील लिएज शहरात १६७२ साली अशा कसोटीचा हुकूम निघाला. बर्मिंगहॅमचे कसोटीगृह १८१३ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाले. प्रत्येक कसोटीगृहाचा शिक्का वेगळा. लिएजच्या शिक्क्यात लंबवर्तुळाच्या आत ई, एल आणि जी ही अक्षरे असतात. जर्मनीतील उल्म येथील शिक्क्यात हरणाचे शिंग असते. १९१४ साली काही देशांनी करार करून एकमेकांचे शिक्के मान्य करण्याची व्यवस्था सुरू केली आणि ती आजही चालू आहे.

आता येथे नवशिक्याची एक नेहमीची चूक होते. बर्मिंगहॅमचा शिक्का दिसला की तो म्हणतो, ही बंदूक बर्मिंगहॅमची. हे बरोबर नाही. कसोटीचा शिक्का बंदूक कोठे तपासली एवढेच सांगतो. कोठे बनली ते सांगत नाही. परदेशी बंदूक इंग्लंडमध्ये विकावयाची असेल तर तिचीही तेथे कसोटी होई. ग्राहकाची फसवणूक होऊ नये म्हणून एके काळी अशा बंदुकांवर ‘इंग्रजी बनावटीची नव्हे’ अशा अर्थाचे शब्दही इंग्रजीत उमटवीत असत! आणि अमेरिकेत तर सरकारी कसोटीगृहच नाही. तेथील कारखाने स्वतः कसोटी घेतात आणि स्वतःचा शिक्का मारतात. म्हणून कोणताही शिक्का वाचताना पहिला प्रश्न विचारावा : हा शिक्का कोणी मारला, आणि कशासाठी?

जर्मन कसोटीगृहांच्या शिक्क्याशेजारी अनेकदा दोन इंग्रजी अक्षरे असतात. ते कसोटीचे साल होय. रीत सोपी आहे. ए म्हणजे ०, बी म्हणजे १, सी २, डी ३, ई ४, एफ ५, जी ६, एच ७, आय ८ आणि के ९. आय आणि जे ही अक्षरे दिसायला सारखी, म्हणून जे गाळले आहे. तेव्हा ‘आय एफ’ म्हणजे ८५, अर्थात १९८५. ‘के ए’ म्हणजे १९९०. मग ‘ए डी’ आणि ‘बी बी’ म्हणजे कोणती साले? उत्तर लेखाच्या शेवटी दिले आहे. पण आधी स्वतः काढा.

एक रायफल वाचू या

आपल्या देशात दीर्घकाळ वापरात असलेल्या ली-एन्फील्ड रायफलीचे उदाहरण घेऊ. दोन्ही महायुद्धांत भारतीय सैनिकांच्या खांद्यावर हीच रायफल होती आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे पोलीस दलांत ती दिसत असे.

या रायफलीच्या दस्त्याचा भाग जेथे सुरू होतो, तेथे पोलादाचे एक कडे असते. त्या कड्याच्या उजव्या बाजूस ओळीने खुणा आढळतात. समजा, एका रायफलीवर सर्वांत वर मुकुट आहे, त्याखाली जी. आर. आय. ही अक्षरे, त्याखाली ईशापूर हे नाव, मग १९४२ हे साल, आणि शेवटी एस. एच. टी. एल. ई. ही अक्षरे, रोमन तीनचा आकडा आणि एक तारा.

वाचन असे करावयाचे. जी. आर. आय. हे लॅटिन शब्दांचे संक्षिप्त रूप असून त्याचा अर्थ ‘सम्राट राजा जॉर्ज’. ईशापूर म्हणजे बंगालमधील हुगळीकाठचा सरकारी रायफल कारखाना. १९४२ हे बनविल्याचे साल. पुढची अक्षरे म्हणजे ‘आखूड ली-एन्फील्ड’. रोमन तीन म्हणजे तिसरा नमुना. आणि तारा म्हणजे त्या नमुन्यात नंतर केलेला बदल. याच जागी एन्फील्ड, बी. एस. ए., एल. एस. ए. किंवा लिथगो असे नाव असते, तर रायफल अनुक्रमे एन्फील्डच्या सरकारी कारखान्यातील, बर्मिंगहॅमची, लंडनची किंवा ऑस्ट्रेलियातील ठरली असती. भारत प्रजासत्ताक झाल्यावर ईशापूरच्या रायफलींवरील मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले, कारखान्यासाठी आर. एफ. आय. ही अक्षरे येऊ लागली. देशाचा इतिहास पोलादाच्या एका कड्यावर असा उमटलेला असतो.

अनुक्रमांक रायफलीच्या मुख्य सांगाड्यावर तर असतोच, शिवाय तो नळीवर आणि काडतूस आत ढकलून कुलूप लावणाऱ्या बोल्टवरही असतो. एकच क्रमांक पुन्हा पुन्हा का? कारण बोल्ट आणि नळी यांच्यामधील अंतर प्रत्येक रायफलीत नेमके जुळवावे लागते. एका रायफलीचा बोल्ट दुसरीत बसविला तर तो बसेलही, पण ते अंतर बिघडून काडतूस फुटण्याचा धोका संभवतो. म्हणून जोडी ओळखता यावी यासाठी दोन्हींवर एकच क्रमांक. तपासणाऱ्याला याचा आणखी एक उपयोग होतो. बोल्टवरील आणि सांगाड्यावरील क्रमांक वेगळे असतील, तर भागांची अदलाबदल झाली आहे, हे त्याला लगेच कळते.

खोटी पत्रिका

नाणी खोटी असतात, तसे शिक्केही खोटे असू शकतात. आज पाकिस्तानात असलेल्या खैबर खिंडीच्या परिसरात, विशेषतः दर्रा आदमखेल या गावी, कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हातांनी रायफलींच्या नकला करीत आले आहेत. नक्कल करताना ते ठशांचीही नक्कल करतात. परंतु इंग्रजी न जाणणाऱ्या कारागिराने कोरलेल्या ठशात एन हे अक्षर उलटे पडते, किंवा एखादे अक्षर गळते. याहून मौजेची चूक म्हणजे व्ही. आर. ही अक्षरे आणि त्याखाली १९०५ सारखे साल! व्ही. आर. म्हणजे राणी व्हिक्टोरिया. ती तर जानेवारी १९०१ मध्ये निवर्तली. १९०५ साली इंग्लंडच्या गादीवर सातवा एडवर्ड होता. म्हणजे ही रायफल एन्फील्डच्या कारखान्यात बनलेली असणे शक्य नाही. पाहा, येथे सूक्ष्मदर्शक लागला नाही, रसायने लागली नाहीत. शाळेतील इतिहासाच्या पुस्तकाने काम भागले. एक खूण दुसऱ्या खुणेशी जुळते की नाही, हे पाहणे हाच या शास्त्राचा गाभा आहे.

नुसता क्रमांक पुरेसा का नाही?

पुष्कळ कारखाने १ पासून ९,९९९ पर्यंत क्रमांक घालीत. ते संपले की आधी ए हे अक्षर लावून पुन्हा १ पासून सुरुवात, मग बी, मग सी. आता हिशेब करा. अक्षराविना एक मालिका आणि २६ अक्षरांच्या २६ मालिका, अशा २७ मालिका झाल्या. २७ गुणिले ९,९९९ म्हणजे २,६९,९७३. युद्धकाळात लाखो रायफली बनविणाऱ्या कारखान्याला इतके क्रमांकही पुरत नाहीत. शिवाय एकाच नमुन्याची रायफल चार-पाच कारखाने बनवीत असले, तर प्रत्येकाची मोजणी स्वतंत्र. म्हणजे तोच क्रमांक दोन-तीन रायफलींवर सापडू शकतो! घराचा नंबर सांगितला, पण पेठ आणि गाव सांगितले नाही, तर पोस्टमनची जी स्थिती होईल, तीच तपास करणाऱ्याची होते. म्हणून कारखान्याची खूण, नमुना, साल आणि अनुक्रमांक ही चारही अंगे एकत्र घेतल्यावाचून ओळख पटली असे म्हणता येत नाही.

हे सारे एका प्रसिद्ध घटनेत कसे उपयोगी पडले ते पाहू.

पंधरा तासांचा शोध

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी दुपारी साडेबारा वाजता अमेरिकेतील डॅलस शहरात राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यांत त्यांचा अंत झाला. जवळच्या शालेय पुस्तकांच्या गोदामाच्या सहाव्या मजल्यावर, दुपारी १ वाजून २२ मिनिटांनी, खोक्यांच्या आड लपविलेली एक रायफल पोलिसांना सापडली.

ती दुरून पाहून ‘ही ७.६५ मिलिमीटरची जर्मन माउझर असावी’ असे तेथील काही जणांना वाटले आणि तशी बातमीही पसरली. बोल्टची ठेवण साधारण तशीच असल्याने ही चूक झाली. परंतु रायफल हाती घेऊन तिच्यावरील खुणा वाचल्यावर चित्र पालटले. तिच्यावर मुकुट होता. तेर्नी हे नाव होते. १९४० हे साल होते. ‘इटलीत बनविलेली’ आणि ‘माप ६.५’ अशा अर्थाचे शब्द होते. आणि अनुक्रमांक होता सी २७६६. तेर्नी हे इटलीतील गाव. तेथे लष्करी शस्त्रांचा कारखाना होता. तेव्हा ही जर्मन माउझर नव्हे, तर ६.५ मिलिमीटरची इटालियन मानलिखर-कारकानो रायफल ठरली. आकाराने फसविले, खुणांनी सत्य सांगितले.

पण इटालियन सैन्यासाठी १९४० साली बनलेली रायफल १९६३ साली डॅलसला आली कशी? युद्धानंतर इटलीने अशा जुन्या रायफली मोठ्या संख्येने विकून टाकल्या आणि अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी त्या आयात केल्या होत्या. डॅलसच्या दुकानदारांकडे चौकशी केल्यावर न्यूयॉर्कच्या क्रेसेंट फायरआर्म्स या घाऊक व्यापाऱ्याचे नाव कळले. त्याच संध्याकाळी क्रेसेंटच्या वह्या तपासल्या गेल्या. सी २७६६ क्रमांकाची रायफल शिकागोच्या क्लाइन्स या दुकानाकडे पाठविल्याची नोंद मिळाली. क्लाइन्सचे अधिकारी रात्री दहा वाजता आपली दप्तरे घेऊन बसले आणि पहाटे चार वाजता त्यांना हवी ती नोंद सापडली. २० मार्च १९६३ रोजी ही रायफल ए. हिडेल नावाच्या गिऱ्हाइकास डॅलसच्या टपालपेटीच्या पत्त्यावर पाठविलेली होती. मासिकातील जाहिरातीचे कुपन भरून ती मागविली होती. दुर्बिणीसह किंमत १९ डॉलर ९५ सेंट आणि पाठवणीचे दीड डॉलर, असे एकूण २१ डॉलर ४५ सेंट मनिऑर्डरने भरलेले होते.

दुपारी १.२२ ते पहाटे ४. म्हणजे रायफल सापडल्यापासून पंधरा तासांच्या आत, आणि तेही संगणकाच्या मदतीशिवाय, नुसत्या वह्या आणि नोंदींची छायाचित्रे पाहून, पोलादावरील एका क्रमांकापासून कागदावरील एका नावापर्यंत शोध पोचला.

पण येथेच थांबून विचार करा. क्रमांकाने काय सिद्ध केले? एवढेच की ही रायफल ‘हिडेल’ या नावाने मागविली गेली. चाप कोणी ओढला, हे क्रमांक सांगत नाही. पुढचे काम दुसऱ्या पुराव्यांनी केले. मागणीपत्रावरील हस्ताक्षर ली हार्वे ऑस्वाल्ड याचे असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. ती टपालपेटी त्याच्याच नावावर होती. रायफलीच्या नळीवर त्याच्या तळहाताचा ठसा मिळाला. सापडलेल्या गोळीवरील ओरखडे याच नळीतले असल्याचे तुलनेने दिसून आले. चौकशी आयोगाने १९६४ साली आपला अहवाल दिला, तो या साखळीच्या आधारे. साखळीतील पहिली कडी क्रमांकाची होती. पण एक कडी म्हणजे साखळी नव्हे.

या साखळीचे महत्त्व पटल्यामुळे पुढे १९६८ साली अमेरिकेत कायदा झाला आणि तेथे बनणाऱ्या किंवा आयात होणाऱ्या प्रत्येक बंदुकीवर अनुक्रमांक घालणे बंधनकारक झाले. तोपर्यंत तेथे कित्येक स्वस्त बंदुकांवर क्रमांकच नसे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या आठव्या कलमानुसार बंदुकीवरील नाव, क्रमांक किंवा अन्य ओळखखूण खोडणे, काढणे, बदलणे किंवा खोटी घालणे हा गुन्हा आहे. आणि अशी खूण नसलेली बंदूक विकताही येत नाही.

खोडलेला क्रमांक पुन्हा दिसतो तेव्हा

गुन्हेगारांनाही क्रमांकाचे महत्त्व कळते. म्हणून ते कानशीने तो घासून टाकतात. पृष्ठभाग गुळगुळीत होतो, डोळ्यांना काही दिसत नाही. तरीही प्रयोगशाळेत तो क्रमांक पुष्कळदा पुन्हा दिसू लागतो! ही जादू नव्हे.

पोलाद हे असंख्य बारीक स्फटिकांचे बनलेले असते. पोलादी ठशावर हातोडा मारून आकडा उमटविला, की खाच पडते ती वरच्या भागात. पण त्या आघाताने खाचेखालचे स्फटिकही दबतात आणि वेडेवाकडे होतात. खाच घासून गेली तरी तिच्याखालचा हा दबलेला भाग मागे उरू शकतो. दबलेल्या धातूत ताणाची ऊर्जा साठलेली असल्याने त्याच्यावर आम्लाची क्रिया आजूबाजूच्या धातूपेक्षा निराळ्या वेगाने होते. म्हणून तज्ज्ञ तो पृष्ठभाग स्वच्छ करून त्यावर तांब्याचे क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांचे मिश्रण लावतात. हळूहळू आकड्यांच्या आकृती छटेतील फरकाने उमटू लागतात, आणि त्या पुसट होण्यापूर्वीच त्यांचे छायाचित्र घेतात. लोखंडाच्या बाबतीत चुंबकाचाही उपयोग होतो. दबलेल्या जागी लोखंडाचे बारीक कण वेगळ्या रीतीने गोळा होतात. महाराष्ट्रात अशा तपासण्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत होतात. तिचे मुख्य केंद्र मुंबईत कालिना येथे आहे.

ही रसायने दाहक असतात. तो प्रयोग घरी किंवा वर्गात मुळीच करू नये. पण त्यातील तत्त्व तुम्हाला एका निरुपद्रवी प्रयोगाने पाहता येईल. कोऱ्या वहीच्या वरच्या पानावर बॉलपेनाने जोर देऊन एक संख्या लिहा. ते पान फाडून टाका. खालच्या पानावर काहीच दिसत नाही. आता त्यावर शिसपेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा. संख्या पांढऱ्या रेषांनी उमटेल. लिहिलेले गेले, पण त्याचा दाब मागे राहिला होता!

क्रमांक फार बोलू लागतात तेव्हा

क्रमांक मालकाला उपयोगी, तसेच शत्रूलाही. म्हणून दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने शस्त्रांवर कारखान्याचे नाव घालण्याऐवजी सांकेतिक अक्षरे घातली. पिस्तुलावरील ‘बी वाय एफ’ म्हणजे ओबर्नडॉर्फचा माउझर कारखाना, तर ‘ए सी’ म्हणजे वॉल्थर. नाव लपले, पण क्रमांक ओळीनेच घातले गेले, आणि तेथे गणिताला वाट सापडली.

१९४३ पासून लंडनमधील अमेरिकन वकिलातीत काही अर्थशास्त्रज्ञ हस्तगत केलेल्या जर्मन रणगाड्यांच्या भागांवरील क्रमांक मांडून बसले. त्यांचा प्रश्न होता : आपण पाहिलेल्या थोड्या क्रमांकांवरून एकूण रणगाडे किती, हे सांगता येईल काय? समजा, आपल्याला १७, ४२, ५८, ८१ आणि ९० हे पाच क्रमांक दिसले. सर्वांत मोठा ९०. म्हणजे ९० तरी आहेतच. या पाचांखेरीज ९० पर्यंतचे ८५ क्रमांक आपल्याला दिसले नाहीत. म्हणजे प्रत्येक दिसलेल्या क्रमांकाच्या अलीकडे सरासरी १७ न दिसलेले. मग ९० च्या पलीकडेही साधारण १७ राहिले असावेत, असे मानणे रास्त. उत्तर १०७. सूत्र असे : सर्वांत मोठा क्रमांक, अधिक त्याला नमुन्यांच्या संख्येने भागून येणारा भागाकार, वजा १.

युद्ध संपल्यावर जर्मन दप्तरे हाती आली आणि १९४७ साली तुलना प्रसिद्ध झाली. ऑगस्ट १९४२ या महिन्यातील उत्पादनाचा हेरांच्या बातम्यांवरून बांधलेला अंदाज होता १,५५०. क्रमांकांवरून काढलेला अंदाज होता ३२७. प्रत्यक्ष आकडा निघाला ३४२!

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. १ पासून कोणत्याही संख्येपर्यंत चिठ्ठ्या करून डब्यात घालाव्यात, विद्यार्थ्यांना पाच-पाच काढू द्याव्यात आणि प्रत्येक गटाचा अंदाज फळ्यावर लिहावा. एकेकाचा अंदाज चुकेल. पण सर्वांची सरासरी खऱ्या संख्येच्या किती जवळ येते ते पाहा.

ध्यानात ठेवण्याजोगे

वाचकहो, बंदूक ही पाहण्याची वस्तू आहे ती संग्रहालयात, काचेच्या पलीकडून. रस्त्यात, शेतात किंवा नदीकाठी कोठे एखादे शस्त्र पडलेले दिसले, तर क्रमांक वाचण्याच्या मोहानेही त्याला हात लावू नका. ते भरलेले असू शकते. शिवाय तुमच्या बोटांचे ठसे त्यावरील पुराव्यात मिसळतील. जागा लक्षात ठेवावी, मोठ्या माणसांना सांगावे आणि पोलिसांना कळवावे. मात्र एखाद्या संग्रहालयात जुनी रायफल मांडलेली दिसली, तर काचेला नाक लावून त्या पोलादी कड्यावरील मुकुट, नाव आणि साल यांचा मेळ बसतो का, ते अवश्य पाहा.

स्वाध्याय

१. तुमच्या घरातील पाच नाण्यांची टांकसाळ ओळखा आणि तक्ता करा.

२. एका रायफलीवर व्ही. आर. ही अक्षरे, एन्फील्ड हे नाव आणि १८९७ हे साल आहे. केवळ एवढ्यावरून ती खरी आहे असे म्हणता येईल काय?

३. सहा क्रमांक दिसले. त्यांतील सर्वांत मोठा १२०. एकूण संख्येचा अंदाज काढा.

उत्तरे : लेखातील प्रश्नाचे – २००३ आणि २०११. दुसऱ्या प्रश्नाचे – नाही. साल आणि राणीचा काळ जुळतो, म्हणून या खुणांवरून ती खोटी ठरत नाही, एवढेच. खोटी न ठरणे आणि खरी ठरणे यांत फरक आहे. तिसऱ्या प्रश्नाचे – १३९.